रंधा कोणाचा?

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. पिढीजात शस्त्र असे आमच्या घरात काही नाही. आमच्या पूर्वजांनी लेखणीहून जड काही उचलल्याचे कोणाला आठवत नाही. मी स्वतः चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षे हिशेब लिहिले. यंत्रांची घरघर रोज भिंतीपलीकडून ऐकली, पण हाताला कधी वंगण लागले नाही. निवृत्त झाल्यावर मात्र सिडकोतल्या घराच्या मागच्या पडवीत मी एक भक्कम टेबल करून घेतले, त्याला शिकंजा बसवला आणि जुनी हत्यारे जमवू लागलो. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटे, कानशी, एक सामता, एक पितळी ओळंबा असे सारे मिळून आज चाळीसेक नग भरतील. नवमीला ती पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचे, झेंडूची फुले ठेवायची आणि त्या दिवशी त्यांना काम सांगायचे नाही, असा माझा शिरस्ता आहे.

यंदा पूजा चालू असताना माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने त्यातला एक रंधा उचलून निरखून पाहिला. त्याच्या पुढच्या टोकावर तीन खुणा कोरलेल्या आहेत. एक फुली, एक वर्तुळ आणि एक ‘म’.

“आजोबा, यातली तुमची खूण कोणती?”

“माझी नाही रे त्यात.”

“मग हा तुमचा कसा?”

“मी विकत घेतला म्हणून,” मी म्हणालो. त्याचे समाधान झाले आणि तो प्रसादाच्या ताटाकडे वळला. माझे समाधान मात्र झाले नाही. ते का झाले नाही, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हा रंधा मला शहागंजच्या बाजूला एका भंगारवाल्याच्या ढिगात सापडला. किंमत विचारली तेव्हा त्याने पाचर ठोकून पाते बाहेर काढले, ते तेवढे तराजूत टाकले आणि लाकडी ठोकळा माझ्या हातात देत म्हणाला, “लकडी का क्या लेना, चाचा? लोहे का दे दो.” त्या लाकडाला कोण्या माणसाच्या तळहाताने कित्येक वर्षे घासून शिसवीसारखी झिलई आणली होती. बाजाराच्या हिशेबात तिचे मोल शून्य होते. मी जन्मभर हिशेब लिहिले, पण एवढा चुकीचा आणि एवढा निर्विवाद हिशेब माझ्या वहीत कधी आला नव्हता.

घरी आणून मी त्याची डागडुजी केली. पाते दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, तांबेरा खरवडला, निसण्यावर पाणी घालून त्याची पाठ सपाट केली आणि मग धार लावली. जुनी पाचर चिरली होती. बाभळीची नवी बसवली. ज्यांनी रंधा हाताळला नाही त्यांना सांगतो, या साध्या दिसणाऱ्या वस्तूत मोठी युक्ती आहे. पाते सुमारे पंचेचाळीस अंशांत तिरपे बसते, पाचर त्याला घट्ट धरून ठेवते, आणि तळाच्या फटीतून केसभरच बाहेर डोकावते. ते जास्त बाहेर आले तर लाकूड उचकटते. कमी आले तर रंधा नुसता घसरतो. मागून हलकी थाप मारली की पाते सैल होऊन वर सरते, पात्याच्या डोक्यावर मारली की खाली उतरते. हे बेतशीर जमायला मला चार महिने लागले. एके दिवशी सागाच्या फळीवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखा अखंड कीस निघाला आणि पडवीभर सागाचा वास पसरला. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो तीस वर्षांच्या कोणत्याही ताळेबंदाने दिला नव्हता.

एक गोष्ट मात्र खटकत राही. रंध्याच्या अंगाला अंगठा टेकून टेकून एक खळगा पडला आहे, पण माझा अंगठा त्यात कधी बसत नसे. पुढे सहा महिन्यांनी उलगडा झाला. खळगा उजव्या अंगाला होता. ज्याने तो झिजवला तो माणूस डावरा होता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या श्रावणात स्वयंपाकघरातले कपाट दुरुस्त करायला एक तरुण सुतार आला होता. सारे काम तो विजेच्या यंत्रांनी करतो आणि झटपट करतो. हात धुवायला मागे आला तेव्हा त्याची नजर माझ्या काचेच्या कपाटावर पडली. परवानगी घेऊन त्याने तोच रंधा उचलला, एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि सहज म्हणाला, “डावरा होता की माणूस!” मला जे कळायला सहा महिने लागले, ते त्याच्या तळहाताला एका क्षणात कळले. मग त्याने पात्यावरून आडवा अंगठा फिरवून धार पाहिली.

“काका, हे तुम्ही वापरता, का नुसतं ठेवता?”

“अधूनमधून वापरतो.”

तो म्हणाला, वडिलांची सारी हत्यारे त्याने यंत्र घेतले त्या वर्षी विकून टाकली. “लहानपणी रंधा हातात दिला की समजायचं, आज शाळा बुडाली. लई राग होता मला त्याचा.” थोडे थांबून त्याने विचारले, “दोन दिवस देता का? गुलमंडीकडं एका वाड्याचं दार पावसानं फुगलंय. जुनं सागवानी हाय. कडेला नक्षी हाय, तिथं यंत्र घालवत नाही.”

आणि मी नाही म्हणालो. सरळ नाही म्हणण्याचे धैर्यही नव्हते. “अरे, त्याला अजून नीट धार लागलेली नाही,” असे म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिले, आपल्या अंगठ्याकडे पाहिले आणि किंचित हसून रंधा होता तसा जागेवर ठेवला.

त्या हसण्याने मला आजवर छळले आहे. स्वतःच्या बचावाचे जेवढे मुद्दे सुचले तेवढे मी मांडून पाहिले. पहिला मुद्दा असा की, मी हा रंधा भट्टीपासून वाचवला. वाचवणाऱ्याचा अधिकार मोठा. दुसरा असा की, ज्याने बापाची हत्यारे विकली त्याला हत्याराची काय कदर?

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो अधिक लाजिरवाणा आहे. बलुतेदारीत गावचा सुतार वर्षभर कुणब्यांचे नांगर, पाभर, कुळव, गाड्या नीट करून देई आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घेई. हत्यार त्याचे असे, पण हात गावाचे असत. मुलाने कोणते काम करायचे, हे मूल जन्माला येण्याआधीच ठरलेले असे. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली लख्खपणे मांडले होते. मग 1950 साली त्यांनी याच शहरात महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांना बापाच्या कामाहून वेगळे काम निवडण्याची वाट मिळाली. ज्याला रंधा म्हणजे बुडालेली शाळा आठवते, त्याने तो विकला यात कृतघ्नता ती कोणती? मला रंधा आवडतो, कारण तो माझ्यावर कोणी लादला नाही. पाठीला रग लागली की मी चहा प्यायला घरात जाऊ शकतो. माझ्या प्रेमाला फुरसतीचे पाठबळ आहे; त्याच्या रागामागे बालपण आहे. या दोहोंची तुलना करून स्वतःला वरचढ ठरवणे हा अप्रामाणिकपणा झाला.

पहिला मुद्दा इतका पोकळ नाही. जुन्या वस्तू जमवणारी माणसे नसती तर सामान्यांच्या हातांचा इतिहासच उरला नसता. पुण्याचे दिनकर केळकर यांनी 1920 च्या सुमारास संग्रहाला आरंभ केला आणि जन्मभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा घरगुती वस्तू गोळा केल्या. राजांच्या तलवारी जपायला पुष्कळ लोक असतात. अडकित्ता जपायला एखादाच केळकर निघतो. परंतु त्याच केळकरांनी तो सारा संग्रह अखेर शासनाच्या, म्हणजे लोकांच्या, स्वाधीन केला आणि त्याला आपले नव्हे तर अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव दिले. वाचवणे आणि दाबून ठेवणे यांत हा फरक आहे. वाचवणारा वस्तू कोणासाठी तरी वाचवतो. मी कोणासाठी वाचवली होती?

बाबासाहेबांच्या त्या महाविद्यालयाचे नाव मिलिंद आणि त्याच्या परिसराचे नाव नागसेनवन. मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद अनेकांना ठाऊक असेल. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सुटा भाग कोणताच रथ नव्हे. ते एकत्र आले म्हणजे त्यांना रथ हे नाव मिळते. आमच्या शहरानेही नावे बदललेली पाहिली आहेत. मलिक अंबरने 1610 साली वसवलेली खडकी, पुढे फतेहनगर, पुढे औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर.

मी एका रात्री नागसेनाचा प्रश्न माझ्या रंध्याला विचारला. पाचर मी नवी घातली. पाते तर कधीतरी त्या तिघांपैकीच कोणीतरी बदलले असणार. ठोकळा म्हणजे रंधा का? नव्हे. पाते? नव्हे. पाचर? नव्हे. आणि हे तिन्ही काचेच्या कपाटात एकत्र ठेवले तर? तिथे मी अडलो. रथ रस्त्याने जातो म्हणून त्याच्या भागांना एकत्र येण्याचे कारण असते. रंधा लाकडावरून जातो म्हणून पाचर पात्याला धरून ठेवते. कपाटात तिला धरून ठेवायला कारणच नाही. मी वाचवले ते एक लाकूड, एक लोखंड आणि एक पाचर. रंधा मला वाचवायचा असेल तर तो चालला पाहिजे, मग हात कोणाचा का असेना.

येथे कोणी म्हणेल, चालवला की झिजतो. खरे आहे. प्रत्येक धारेबरोबर थोडे पोलाद निसण्यावर राहते. नीट वापरलेले हत्यार शेवटी संपते. पण आपल्याजवळच वेरूळ आहे. तिथले दहावे लेणे ‘सुतार का झोपडा’ म्हणून प्रसिद्ध आहे. आतले छत दगडाचे असून कोरणाऱ्यांनी त्यावर लाकडी वाशांसारख्या फासळ्या काढल्या आहेत. दगड फोडतानाही त्यांना सुतारकाम आठवत होते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी कैलास कळसाकडून पायाकडे खोदत नेला. वडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या ताम्रपटात वर्णन आहे की, काम पुरे झाल्यावर हे आपल्या हातून झाले कसे याचे खुद्द शिल्पकारालाच आश्चर्य वाटले. त्या कामात किती छिन्न्या बोथटल्या असतील, किती वेळा भट्टीत घालून पुन्हा पाजळल्या असतील आणि शेवटी वीतभर उरल्यावर दुसऱ्या कशात तरी मिसळल्या असतील! त्या जपून ठेवल्या नाहीत म्हणून आपण कोणाला दोष देत नाही. त्यांचे घाव मात्र कातळावर आजही दिसतात.

नातवाच्या प्रश्नाने हे सारे विचार पुन्हा जागे केले. विकत घेण्याने मला काय मिळाले? मी पैसे दिले ते लोखंडाच्या वजनाचे. लाकडाचे, म्हणजे त्या डावऱ्या माणसाच्या हाताचे, पैसे मी दिलेच नव्हते. ते कोणी मागितलेही नव्हते. जे फुकट हातात आले त्याचा मी मालक कसा? फार तर राखणदार. आणि राखणदाराने दाराशी आलेल्या कामाच्या हाताला खोटे बोलून परत पाठवावे, हे कोणत्या धर्मात बसते?

दसऱ्याच्या सकाळी मी त्या सुताराला फोन केला आणि रंधा घेऊन जा म्हणालो. तो म्हणाला, “काका, ते दार तर कवाच झालं. सँडपेपरनं घासून घासून बसवलं.” मी म्हणालो, “तरी ये. आणि आणखी एक सांगायचं होतं. धार तेव्हाही चांगली होती.” पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, “ते कळलं होतं, काका.”

संध्याकाळी तो आपट्याची पाने घेऊन आला. सोने दिले, पाया पडला. मी रंधा त्याच्या हातात ठेवला. परत कधी आणू, असे त्याने विचारले. मी म्हणालो, काम संपले की आण आणि संपले नाही तर आणू नकोस. हे बोलताना छातीत बारीकशी कळ उठली, हे लपवत नाही. उदार होणे मला अजून सवयीचे झालेले नाही.

दिवाळीसाठी घर झाडताना नातवाने कपाटातली रिकामी जागा पाहिली आणि रंधा कुठे गेला म्हणून विचारले. मी म्हणालो, कामावर गेला आहे. त्याला ते फार आवडले. सध्या तो पटाशी हातात धरायला शिकतो आहे. रोज अर्धा तास, आणि तोही शाळेचा अभ्यास झाल्यावर. कंटाळला तर ठेवून देण्याची त्याला पूर्ण मुभा आहे.

तुमच्याही माळ्यावर या दिवसांत झाडलोट करताना एखादी गंजलेली करवत, एखादा दांडा मोडलेला हातोडा सापडेल. तो ठेवा किंवा विका, याचा सल्ला द्यायला मी कोण? विकणाऱ्याला त्याची कारणे असतात आणि ठेवणाऱ्यालाही. मात्र ठेवलाच, तर एकदा धार लावून ठेवा. आणि कोणी मागायला आला, तर धार लागलेली नाही असे त्याला सांगू नका.