अडण्याची सोय असलेली शाळा

दिवाळीची सुट्टी संपत आली की घराघरांत एक विषय हमखास निघतो. पुढच्या वर्षी मुलाला कुठल्या शाळेत घालायचं? मूल चारचौघांसारखं असेल तर हा प्रश्न अंतर, फी आणि रिक्षावाले काका एवढ्यावर सुटतो. पण चौथ्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचणारं, सहाव्या वर्षी वजाबाकीत शून्याच्या खाली जाऊन काय होतं ते विचारणारं मूल घरात असलं की सगळं गोत्र सल्ला द्यायला पुढे सरसावतं. काका म्हणतात सीबीएसई. मावशीच्या मैत्रिणीचा मुलगा आयबीला आहे, तेव्हा ती आयबीचं माहितीपत्रक धाडते. निवृत्त शिक्षक असलेले आजोबा म्हणतात, आपली मराठी शाळाच बरी, पाया पक्का होतो. बोर्ड, माध्यम, निकाल, इमारत, सगळ्यांवर तासभर चर्चा होते. वर्गाला चाळीस मिनिटं लागणारं काम हे मूल दहा मिनिटांत संपवील, तेव्हा उरलेला अर्धा तास ते काय करील, हे मात्र कोणी विचारत नाही.

खरं तर शाळेची निवड त्या अर्ध्या तासावर ठरायला हवी.

कुठल्याही चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. बाई फळ्यावर भागाकाराची दहा गणितं लिहितात. खडू खाली ठेवून त्या पहिल्या रांगेतल्या वह्या बघायला वळतात, तोवर खिडकीजवळून आवाज येतो, "बाई, झालं." बाई म्हणतात, "पुन्हा एकदा तपास." दोन मिनिटांनी, "बाई, तपासलं." मग पुस्तकातली त्याच प्रकारची आणखी दहा गणितं मिळतात. तीही झाली की, "हाताची घडी, तोंडावर बोट." बाईंचा यात दोष नाही. पन्नास मुलांचा वर्ग आहे, अभ्यासक्रम संपवायचा आहे, आणि बारा मुलांना अजून भाग लावता येत नाही. पण त्या मुलाच्या मनावर एक गोष्ट पक्की ठसते. लवकर संपवणाऱ्याला तेच काम पुन्हा मिळतं. दिवाळीनंतर ते आपोआप हळू होतं, किंवा पुढच्याच्या शर्टावर पेनाने चित्रं काढू लागतं. पालकसभेत शेरा मिळतो, "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसतं."

कंटाळा ही यातली वरवरची गोष्ट. मोठं नुकसान वेगळंच आहे. अशा मुलाला दहा वर्षांत एकदाही काही अडत नाही. अडलं तर काय करायचं असतं, कागदावर आकृती काढायची, सोपं उदाहरण घेऊन बघायचं, उद्यावर टाकून झोपायचं, कोणाला तरी विचारायचं, हे त्याने कधी शिकलेलंच नसतं. दहावीला न अभ्यास करता पंचाण्णव टक्के पडतात आणि गावभर पेढे वाटले जातात. अकरावीत किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आयुष्यातलं पहिलं खरोखरचं अवघड प्रकरण समोर येतं आणि हा मुलगा निष्कर्ष काढतो की आपण हुशार नव्हतोच. त्याच्या शेजारी बसलेला मध्यम बुद्धीचा मुलगा मात्र शांतपणे पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो, कारण अडणं ही त्याच्या रोजच्या ओळखीची गोष्ट असते.

म्हणून प्रज्ञावंत मुलासाठी शाळा बघताना माझी एकच कसोटी आहे. तिथे या मुलाला अडण्याची सोय आहे का, आणि अडल्यावर लाज न वाटण्याची मुभा आहे का?

ही सोय दर वेळी शाळेच्या इमारतीतच सापडते असं नाही. डॉ. जयंत नारळीकर शिकले ते बनारसमधल्या हिंदी माध्यमाच्या शाळेत. वडील विष्णुपंत बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी घरातच मुलांसाठी फळे लावून घेतले होते. शिकायला घरी राहिलेले मोरूमामा त्या फळ्यावर एखादं कूट गणित लिहून ठेवत, खास 'जेव्हीएन'साठी आव्हान म्हणून. ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत फळा पुसला जात नसे. नारळीकरांनी हे स्वतःच सांगून ठेवलं आहे. यात खर्च किती? एक फळा आणि खडूची पेटी. फी भरून न मिळणारी गोष्ट म्हणजे तो मामा. भाच्याला नेमकं किती अवघड द्यायचं ते त्याला कळत होतं आणि उत्तर सांगून टाकायची घाई त्याला नव्हती.

पण प्रत्येक घरात असा मामा नसतो, आणि विद्यापीठाचा परिसर तर नसतोच नसतो. म्हणून संस्थांकडे वळावं लागतं.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वात गंभीर विचार झाला तो पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत. अप्पा पेंडसे यांनी 1962 साली संस्था सुरू केली आणि 1969 मध्ये प्रशाला उभी राहिली. पाचवीला बुद्धिमापनाच्या चाचण्या घेऊन प्रवेश, प्रकल्प, सहली, गटचर्चा, आणि तल्लख बुद्धी समाजाच्या कामी यावी ही सुरुवातीपासूनची भूमिका. तिथल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात उमगतं की आपल्यासारखे आणखी पुष्कळ आहेत. वर्गात कायम पहिला येणाऱ्याला हा धक्का फार उपयोगाचा असतो.

खेड्यातल्या मुलांसाठी जवाहर नवोदय विद्यालयांनी केलेलं काम त्याहून मोठं म्हणावं लागेल. 1985-86 मध्ये पहिली दोन विद्यालयं निघाली, त्यांतलं एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. सहावीच्या प्रवेशासाठी निवड परीक्षा, किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी, एक तृतीयांश मुलींसाठी, आणि राहण्या-जेवण्यासह शिक्षण शासनाच्या खर्चाने. ज्या गावात वाचनालय नाही, प्रयोगशाळा नाही आणि सातवीपुढे एसटीची वाट बघावी लागते, तिथल्या मुलापुढे 'नवोदयला लागणं' हा बहुधा एकमेव मार्ग असतो. अकराव्या वर्षी घर सुटतं, हा त्याचा मोल मागणारा भाग. काही मुलं तिथे फुलतात, काही रात्री उशीत तोंड खुपसून रडतात. आपलं मूल कोणत्या जातीचं हे आई-वडिलांनाच ठाऊक.

निवड परीक्षा मात्र देववाणी समजू नये. 1921 साली कॅलिफोर्नियात लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने हजाराहून अधिक बुद्धिमान मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा करायचं ठरवलं. त्या चाळणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं बसली नाहीत. शॉकलीला 1956 चं आणि अल्वारेझला 1968 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चाळणी लावून घेतलेल्यांपैकी कोणालाही ते मिळालं नाही. तेव्हा नवोदयच्या किंवा प्रबोधिनीच्या यादीत नाव आलं नाही म्हणून घरात सुतक पाळायचं कारण नाही, आणि आलं म्हणून मिरवणूक काढायचंही नाही.

दुसरी अडचण म्हणजे बुद्धी सगळ्या विषयांत सारखी वाटलेली नसते. रामानुजन कुंभकोणमच्या शाळेत गणितात अव्वल होते, कॉलेजात गेल्यावर इतर विषयांत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. आपली व्यवस्था आजही मुलाला एका आडव्या रेषेत उभं करते. पाचवीतला म्हणजे सगळ्या विषयांत पाचवीतला. गणितात आठवीच्या पुस्तकापर्यंत पोहोचलेली मुलगी निबंधात चौथीसारखी असू शकते. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं असलेला मुलगा विज्ञानात शिक्षकांना निरुत्तर करू शकतो. अध्ययन अक्षमता आणि असामान्य बुद्धी एकाच डोक्यात नांदतात, आणि मग दोन्ही झाकल्या जाऊन तो 'सर्वसाधारण' ठरतो.

यावर जुना उपाय होता तो डबल प्रमोशनचा. हुशार पोराला हेडमास्तर सरळ वरच्या इयत्तेत बसवत. आता वयाच्या नियमांमुळे ते जवळपास बंद झालं आहे आणि पालकही घाबरतात. भीती अगदीच निराधार नाही. विल्यम सायडिस 1909 साली अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये शिरला, वर्तमानपत्रांनी त्याचा तमाशा केला, आणि पुढचं आयुष्य त्याने प्रसिद्धीपासून पळत किरकोळ कारकुनीत काढलं. त्याच सुमारास नॉर्बर्ट वीनर अकराव्या वर्षी कॉलेजात गेला, चौदाव्या वर्षी पदवीधर झाला आणि पुढे सायबरनेटिक्स या शास्त्राचा जनक ठरला. लहानपणीचे ओरखडे मात्र त्यानेही आत्मचरित्रात लिहून ठेवले.

या दोघांपेक्षा शहाणपणाचा मार्ग दिसतो तो टेरेन्स टाओच्या बाबतीत. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये सात-आठ वर्षांचा टाओ गणितासाठी हायस्कूलच्या वर्गात जाऊन बसे आणि इतर विषयांना आपल्या वयाच्या मुलांच्या जवळपास राही. विद्यापीठात त्याला पूर्णवेळ पाठवलं ते चौदाव्या वर्षी. विसाव्या वर्षी पीएच.डी., 2006 मध्ये फील्ड्स पदक. जिथे मूल पुढे आहे तिथे पुढे, जिथे वयाबरोबर आहे तिथे वयाबरोबर, इतकं साधं सूत्र. वर्ग ओलांडण्याबाबतच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा आढावा घेणारा एक अहवाल 2004 मध्ये आयोवा विद्यापीठातून निघाला. नीट विचार करून वरच्या वर्गात बसवलेल्या मुलांचा अभ्यासात फायदा होतो आणि त्यांचं भावनिक नुकसान सहसा होत नाही, असाच त्याचा सूर होता. आपल्याकडे आठवड्याला गणिताच्या चार तासिका वरच्या वर्गात बसू द्यायला कुठला मोठा कायदा बदलावा लागत नाही. वेळापत्रक बसवणारे पर्यवेक्षक आणि एक तयार शिक्षक असले की पुरे.

मराठी मध्यमवर्गाने या सगळ्याला शोधलेला पर्याय म्हणजे क्लास. सहावीपासून फाउंडेशन, आठवीपासून ऑलिंपियाड बॅच, दहावीनंतर इंटिग्रेटेड कॉलेज. क्लासमुळे मुलाला अवघड गणितं मिळतात हे खरं, पण बहुतेक ठिकाणी कमाई होते ती वेगाची. नीटच्या परीक्षेत तीन तासांत 180 प्रश्न असतात. गणित ऑलिंपियाडच्या विभागीय फेरीत तेवढ्याच तीन तासांत सहा. पहिल्या परीक्षेत अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं असतं, दुसरीत अडलेल्या प्रश्नापाशीच बसायचं असतं. डॉक्टर व्हायचं असेल तर पहिलीची तयारी जरूर करावी, ती योग्य वयात. पण अकरा वर्षांच्या तल्लख मुलाला दुसरीची चव आधी मिळायला हवी. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये स्थापलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या दोन्ही संस्थांमागे हाच विचार आहे.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. हुशार मुलगा 'प्रश्न फार विचारतो' म्हणून कौतुकाचा होतो, हुशार मुलगी 'आगाऊ' ठरते. सातवी-आठवीपर्यंत ती हात वर करणं सोडते, आणि हे नम्रपणाच्या नावाखाली खपून जातं. निवासी शाळेत जागा मिळूनही 'मुलीला कुठे एवढ्या लांब' म्हणून ती सोडून देणारी सुशिक्षित घरं कमी नाहीत. त्याच घरांत मुलासाठी राजस्थानातल्या कोट्याला क्लासजवळची खोली आधी ठरलेली असते.

2020 च्या शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांसाठी शाळा, शाळासंकुल, जिल्हा पातळीवर विषयमंडळं काढण्याची शिफारस आहे. ती कागदावरून उतरेल तेव्हा उतरेल. आई-बाबांनी तोवर थांबू नये. शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना निकाल विचारू नका, तो फलकावर लिहिलेला असतो. सगळ्यांच्या आधी काम संपवणाऱ्या मुलाला तुम्ही काय देता, एवढं विचारा. ज्या शाळेला या प्रश्नाचं एक जरी खरं उदाहरण सांगता आलं, मग ती जिल्हा परिषदेची असो नाहीतर आंतरराष्ट्रीय, तिथे अर्ज भरा. जिथे 'आमच्याकडे सगळीच मुलं हुशार आहेत' असं उत्तर मिळेल, तिथून चहा घेऊन निघा. आणि प्रवेश झाला म्हणजे विषय संपला असं मानू नका. दर दोन वर्षांनी मुलालाच विचारा, गेल्या महिन्यात तुला काय अडलं होतं? काहीच अडलं नाही असं ते सांगत असेल, तर शाळा कितीही नामांकित असो, ती त्याच्यासाठी चुकीची आहे.