झीलकऱ्यांचं गाणं

जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या बिग बँडची 'वन ओ'क्लॉक जंप' ही 1937 ची तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. ती मी कित्येक वर्षं अर्धीच ऐकली. खयालावर पोसलेला कान गाणाऱ्याला धरतो, तसा मी लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनला धरून बसायचो. मागे ट्रम्पेटवाले तेच इवलंसं वाक्य पुन्हा पुन्हा घोळवत असत, तिकडे लक्षच जात नसे.

रचनेचा सांगाडा अगदी साधा आहे. चार-चार ठोक्यांचे बारा खंड, हे ब्लूजचं एक आवर्तन. आपल्याकडे आवर्तनातली जागा ठेका सांगतो. इथे ती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, सांगतात. पाचव्या खंडाला पायाखालची जमीन सरकते, सातव्याला पुन्हा घरी आल्यासारखं वाटतं. आधी बेसीचा पियानो, मग एकेक वादक एकेक आवर्तन घेऊन उभा राहतो. सॅक्सोफोन बोलू लागला की पितळी वाद्यं मागून हुंकार देतात, ट्रम्पेट पुढे आला की सॅक्सोफोनवाले. मागून घोळवल्या जाणाऱ्या या घोटीव तुकड्याला रिफ म्हणतात. यातलं काही कागदावरून आलं नाही. कॅन्सस सिटीत रात्र-रात्र नाचणाऱ्यांसाठी वाजवता वाजवता ते वादकांच्या बोटांत बसलं.

पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, तशीच ही मागून रिफ वाजवणारी माणसं. पण पोवाडा शेवटपर्यंत शाहिराचाच राहतो. इथे मात्र अखेरच्या आवर्तनांत एकेकट्याचं वाजवणं थांबतं, अख्खा बँड एकमेकांत गुंफलेले रिफ वाजवू लागतो, आणि या रचनेची म्हणून जी चाल लोकांच्या ओठांवर आहे ती तिथे, सरतेशेवटी, प्रथम ऐकू येते. आपल्या बंदिशीचा मुखडा आधी येतो. इथे तो सगळ्यांनी मिळून कमवावा लागतो. बिग बँडमधली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हीच.

आणि या सगळ्याखाली फ्रेडी ग्रीनची गिटार आहे. खंडाला चार आघात, मऊ, न चुकता. तो 1937 मध्ये बेसीकडे आला आणि 1987 मध्ये मरेपर्यंत त्याच बँडमध्ये राहिला. एकट्याने पुढे येऊन त्याने क्वचितच काही वाजवलं. तबकडी लावाल तेव्हा एकदा फक्त त्याला शोधा.