काकदंत, घट आणि दुर्लक्षित प्रश्न

जे जे अज्ञात आहे ते ते सर्व जिज्ञासेचा विषय होतेच असे नाही, ही गोष्ट भारतीय तत्त्वचिंतनाने फार पूर्वी ओळखली होती. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यावर ‘भामती’ ही टीका लिहिणारे वाचस्पती मिश्र यांनी ग्रंथाच्या आरंभी पूर्वपक्ष मांडताना जिज्ञासेच्या, म्हणजे जाणून घेण्याच्या इच्छेच्या, दोन अटी गृहीत धरल्या आहेत: वस्तू संदिग्ध हवी, म्हणजे तिच्याविषयी खरोखरीचा संशय उरलेला हवा, आणि ती सप्रयोजन हवी, म्हणजे ती कळल्याने कोणाचे तरी काही साधायला हवे. लख्ख उजेडात डोळ्यांसमोर ठेवलेल्या घटाविषयी संशय नसतो, म्हणून त्याची जिज्ञासा होत नाही. आणि कावळ्याला दात किती याविषयी कोणी कधी विचार केलेला नसला, तरी ते कळून काहीच साधत नसल्यामुळे त्याचीही जिज्ञासा होत नाही. निष्फळ चौकशीला ‘काकदंतपरीक्षा’ म्हणण्याचा प्रघात शास्त्रग्रंथांतून रूढ आहे.

गुगलसारख्या शोधयंत्रातून वाचक मिळवू पाहणाऱ्या आजच्या लेखकापुढे हीच अडचण वेगळ्या वेषात उभी राहते. एखाद्या मर्यादित विषयाला वाहिलेल्या संकेतस्थळाने वाचक वाढवण्यासाठी इतरांनी न हाताळलेले प्रश्न शोधावेत, असा सल्ला या व्यवसायात सर्रास दिला जातो. परंतु न हाताळलेला प्रश्न आणि हाताळण्याजोगा प्रश्न यांतील भेद कोणत्या कसोटीवर करायचा, हे त्या सल्ल्यात बहुधा सांगितलेले नसते. ज्या शब्दांचा शोध लाखो लोक घेतात, त्यांवर मोठ्या संस्थांची शेकडो पाने आधीच उपलब्ध असतात, आणि तेथे आणखी एक पान लिहिणे म्हणजे उजेडातला घट पुन्हा दाखवणे होय. उलट, ज्या शब्दांवर एकही लेख नाही तेथे स्पर्धा नाही हे खरे. पण काकदंतांच्या बाबतीतही स्पर्धा नसतेच. स्पर्धेचा अभाव हे दुर्लक्षाचे लक्षण असू शकते, तसेच निरर्थकतेचेही असू शकते, आणि निव्वळ आकडा या दोहोंत फरक करू शकत नाही.

आकडा नेमके काय मोजतो याविषयीही गैरसमज आहेत. गुगलचे ‘कीवर्ड प्लॅनर’ हे साधन मुळात जाहिरातदारांसाठी घडवलेले असून, त्यातील ‘स्पर्धा’ या रकान्यात त्या शब्दांवर जाहिरातीसाठी बोली लावणाऱ्यांचे प्रमाण दिसते, त्या विषयावर किती चांगले लेख आहेत हे दिसत नाही. शिवाय, दररोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध यापूर्वी कधीच झालेले नसतात, असे गुगलने वेळोवेळी सांगितले आहे. म्हणजे गतकाळाच्या नोंदींवर चालणाऱ्या कोणत्याही गणनेत न सापडणारे प्रश्न रोज नव्याने उपजत असतात. मराठीच्या बाबतीत ही गणना आणखी तोकडी पडते, कारण एकच प्रश्न कोणी देवनागरीत टंकतो, तर कोणी रोमन लिपीत आपापल्या वर्णलेखनाने लिहितो, आणि एका जिज्ञासेची मागणी अनेक तुकड्यांत विखुरली जाते.

मग दुर्लक्षित प्रश्न ओळखायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर शंकराचार्यांच्या भाष्यातील एका शंका-समाधानात सापडते. ब्रह्म ज्ञात असेल तर त्याची जिज्ञासा व्यर्थ, आणि अगदीच अज्ञात असेल तर जिज्ञासा अशक्य, अशी ती शंका आहे; प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातही शोधाविषयी असाच पेच उभा केलेला आढळतो. प्लेटोचा सॉक्रेटिस तो पेच आत्म्याच्या पूर्वस्मृतीच्या आधारे सोडवतो, तर शंकराचार्य सामान्य आणि विशेष यांच्या भेदाने सोडवतात: आत्मा आहे हे सामान्यतः प्रत्येकास ठाऊक असते, पण तो देह की इंद्रिये, मन की आणखी काही, या विशेषाविषयी मतभेद असतात, आणि म्हणून जिज्ञासेला वाव राहतो. तात्पर्य असे, की जिज्ञासा पूर्ण अज्ञानातून जन्मत नाही, तर सामान्य कळले पण विशेष कळले नाही या अर्धवट प्रकाशात जन्मते.

शोधयंत्रात टंकलेले लांबलचक वाक्य म्हणजे नेमकी हीच अवस्था होय. ‘कढीपत्ता’ हा एकच शब्द सामान्याचा निर्देश करतो. ‘कुंडीतल्या कढीपत्त्याची पाने पावसाळ्यात पिवळी का पडतात’ या वाक्यात मात्र जागा, ऋतू आणि लक्षण सांगून विचारणारा विशेषापर्यंत येऊन थांबलेला असतो. न्यायदर्शनाने संशयाची जी व्याख्या केली तिच्यानुसार, अनेक वस्तूंना समान असणारा धर्म दिसावा आणि त्यांना वेगळे करणारा विशेष न दिसावा, तेव्हा संशय होतो. अंधूक प्रकाशात समोरची उंच आकृती खांब आहे की माणूस, हे त्याचे ठरलेले उदाहरण आहे. पानांचे पिवळेपण हाही असाच समान धर्म आहे. नत्र वनस्पतीच्या शरीरात जुन्या पानांकडून नव्या पानांकडे जाऊ शकत असल्याने त्याची उणीव आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते, तर लोह तसे सहज सरकत नसल्याने त्याच्या अभावी शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शिवाय कुंडीत पाणी साचून मुळे कुजू लागली, तर मुबलक खत असूनही पाने पिवळी पडतात. वाचकाला ‘खत घाला’ असे सांगणारे पान सहज सापडते, परंतु आधी कोणते पान पिवळे झाले ते पाहा आणि मग कुंडीच्या तळाचे छिद्र तपासा, असे सांगून विशेष हाती देणारे पान मिळेलच असे नाही. दुर्लक्षित राहिलेला विषय कढीपत्ता हा नसतो. संशय जेथून निर्णयाकडे वळतो ती जागा दुर्लक्षित राहिलेली असते.

दुसरी अट प्रयोजनाची, आणि प्रयोजन नेहमी कोणाचे तरी असते. म्हणूनच वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांनी आरंभीच अनुबंधचतुष्टय सांगण्याची पद्धत पाडली: विषय, प्रयोजन, ग्रंथ आणि विषय यांचा संबंध, आणि अधिकारी, म्हणजे ज्याच्यासाठी ग्रंथ आहे तो पात्र वाचक. अधिकारी बदलला की उजेडातला घटही पुन्हा संदिग्ध होऊ शकतो. गीतेवर संस्कृतात भाष्ये असतानाही 1290 साली ज्ञानेश्वरीची निर्मिती झाली, ती विषय अस्पर्श होता म्हणून नव्हे, तर संस्कृतापासून दूर राहिलेला मोठा श्रोतृवर्ग त्या उजेडाबाहेर होता म्हणून. इंग्रजीत शंभर वेळा सांगून झालेली गोष्ट मराठी वाचकाच्या हवामानात, मापांत आणि बाजारात मिळणाऱ्या वस्तूंत सांगितली गेली नसेल, तर तिच्याविषयीचा संशय त्या वाचकापुरता जिवंतच असतो. असा संशय आकड्यांच्या तक्त्यात उमटण्याआधी रोपवाटिकेच्या दारात, दवाखान्याच्या बाकावर किंवा सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी बोलला जातो, आणि तो ऐकण्यासाठी लेखकाला आपल्या अधिकारी वाचकांच्या सहवासातच असावे लागते.

येथे एक आक्षेप उरतो. वाचकसंख्या वाढवण्याच्या हेतूने शोधलेला प्रश्न प्रामाणिक जिज्ञासा कसा ठरेल? न्यायदर्शन चर्चेचे प्रकार सांगताना तत्त्वनिर्णयासाठी चाललेल्या ‘वादा’पासून केवळ जिंकण्यासाठी चाललेला ‘जल्प’ वेगळा काढते, आणि क्रमवारीत वर येण्यापुरते केलेले लेखन उघडच जल्पाच्या जातीचे आहे. शोधांची मागणी पाहून उथळ पाने घाऊक प्रमाणात तयार करणाऱ्या संस्थांचा एके काळी सुळसुळाट झाला, आणि अशा पानांना मागे टाकण्यासाठी गुगलला 2011 साली ‘पांडा’ या नावाने ओळखला जाणारा बदल करावा लागला. तरीही न्यायसूत्रांनी जल्प सर्वस्वी त्याज्य मानलेला नाही. कोवळ्या अंकुरांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी त्याचा उपयोग करावा, असे त्यांनी म्हटले आहे. शीर्षकात वाचकाचेच शब्द वापरणे, पान शोधयंत्राला नीट वाचता येईल असे रचणे, ही सारी त्या कुंपणाची कामे होत.

वाचकसंख्येचा हेतू त्यामुळे आपोआप दूषित ठरत नाही. तो प्रयोजनाच्या जागी बसला म्हणजे दूषित होतो. वाचकाचा संशय फिटणे हे प्रयोजन आणि संख्यावाढ हे त्याचे आनुषंगिक फळ, असा क्रम राखला, तर पुढच्या प्रश्नाचा शोधही सोपा होतो, कारण एका संशयाचे नीट निरसन झाले की त्याच्या पोटातला पुढचा, अधिक सूक्ष्म संशय वाचकच घेऊन येतो. हा क्रम उलटला, तर लेखकापुढे घट आणि काकदंत हे दोनच पर्याय उरतात.