२५ अंशांवर मोजलेला नियम

थंडीत मासेमारीच्या रीलला कोणते ग्रीस लावावे, हा प्रश्न वसई-विरारमध्ये सहसा कुणाला पडत नाही. अर्नाळ्याच्या किंवा कळंबच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसणाऱ्याच्या रीलचा वैरी थंडी नसून खारा वारा असतो. पण वसईची काही कुटुंबे आता कॅनडात स्थिरावली आहेत. तिथे ऑन्टॅरिओमधल्या सिम्को सरोवरावर भर हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरतात आणि तिथे हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो. वसईत ज्या घट्ट ग्रीसने रील वर्षानुवर्षे टिकते, तेच ग्रीस तिथे तिला जखडून टाकते. वस्तू तीच, तिची निगा राखण्याचा हेतूही तोच, तरी नियम उलटा होतो. धर्मचिंतनातला एक फार जुना प्रश्न इथे मूर्त रूपात दिसतो: एखादा नियम चांगला आहे म्हणजे तो सगळीकडे चांगला आहे का? माझे उत्तर असे, की हेतू सर्वत्र एक राहू शकतो, पण साधन देश, काळ आणि पात्र पाहूनच निवडावे लागते. आणि जो साधनालाच शाश्वत मानतो, त्याच्या हातून शेवटी हेतूच निसटतो.

आधी ग्रीसचाच पुरावा नीट पाहू. ग्रीस म्हणजे घट्ट करणाऱ्या द्रव्यात, बहुधा लिथियमच्या साबणात, धरून ठेवलेले तेल. डब्यावर १, २ असा घट्टपणाचा क्रमांक असतो. तो ठरवताना ग्रीस ६० वेळा घुसळतात, त्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसवर ठेवतात आणि ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंद त्यात रुतू देतात. शंकू २६.५ ते २९.५ मिलिमीटर खोल गेला, तर ते दोन क्रमांकाचे ग्रीस. या मोजणीत काहीही खोटे नाही. मात्र ती २५ अंशांवरची मोजणी आहे. उणे १५ अंशांवर तेच ग्रीस कसे वागेल, हे तो क्रमांक सांगत नाही. कडाक्याच्या थंडीत खनिज तेलातले मेण गोठू लागते. रीलच्या एकाच दिशेने फिरणाऱ्या बेअरिंगमधले बारीक रोलर त्यात चिकटून बसतात आणि हँडल उलटे फिरू लागते. म्हणून तिथे मेण नसलेले कृत्रिम तेल किंवा त्याचे पातळ ग्रीस वापरतात. तेच पातळ तेल वसईत आणले, तर उन्हाने आणि पाण्याने ते निघून जाते व उघड्या धातूला मीठ खाते; इथे पाण्याला दाद न देणारे, कॅल्शियम सल्फोनेटसारखे ग्रीस हवे. थोडक्यात, ग्रीसचा चांगलेपणा डब्यात भरलेला नसतो. तो ग्रीस, यंत्र आणि हवा यांच्या नात्यात असतो. आणि हे नाते खरे आहे. आपली आवड बदलल्याने ते बदलत नाही.

माणसांच्या नियमांतही हेच दिसते. माशांना अंडी घालायला उसंत मिळावी म्हणून आपल्याकडे मासेमारीला बंदी असते. पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै, तर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. दोन्हीकडे दिवस ६१च, हेतूही एकच, पण महिने वेगळे. शिवाय शिडा-वल्ह्यांवर चालणाऱ्या बिगरयांत्रिक होड्यांना तीतून सूट आहे, कारण त्यांच्यामुळे समुद्रावर पडणारा भार वेगळा. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची कसोटी म्हणून देश, काळ आणि पात्र हे तीन शब्द येतात. या बंदीत ते तिन्ही आहेत. पाचूबंदरच्या नाखव्याने चेन्नईचे वेळापत्रक पाळले, तर तो अधिक धार्मिक ठरणार नाही. उलट ऐन पावसाळ्यात, मासा अंड्यावर असताना, तो जाळे टाकत असेल.

यावर पहिला आक्षेप असा, की धर्म असा जागोजागी बदलत असेल तर तो धर्म कसला? या आक्षेपाचा आधार वसईच्याच मातीत सापडला आहे. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्याचा. नववा लेख मंगलविधींविषयी आहे. आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना विधी करतात; ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे; खरे मंगल धर्माचे, असे अशोक सांगतो. याच लेखाच्या काळसी येथील पाठात हे धर्ममंगल काळाने बांधलेले नाही असेही म्हटले आहे. मग माझे म्हणणे खोडले गेले का? अशोकाने धर्ममंगलात काय मोजले ते पाहावे: दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. वागणूक नीट कशी, दान किती आणि केव्हा, याचे एकच माप त्याने ठरवून दिलेले नाही. काळाने न बांधलेले आहेत ते हेतू. आणि साधनाच्या बाबतीत तो किती लवचीक होता, हे त्याचा चौदावा लेखच सांगतो: राज्य विशाल आहे, म्हणून हे लेख कुठे संक्षिप्त, कुठे मध्यम, कुठे विस्तृत आहेत. सोपाऱ्याला त्याने ब्राह्मी वापरली, शाहबाझगढीला खरोष्ठी, कंदाहारला चक्क ग्रीक भाषा. धर्म सर्वांपर्यंत पोचावा यावर तो ठाम होता, म्हणूनच लिपीचा त्याने हट्ट धरला नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. परिस्थिती पाहून वागा म्हटले, की प्रत्येकाला आपल्या सोयीची परिस्थिती सापडते. कांटने १७९७ च्या निबंधात खुन्यापासून मित्राला वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये अशी टोकाची भूमिका घेतली, तिच्या मुळाशी हीच भीती होती: अपवादाला दार उघडले, की शब्दावरचा विश्वासच संपतो. ही भीती मला खरी वाटते. म्हणून बदलाला दोन अटी घालायला हव्यात. पहिली, नियम ज्यासाठी होता तो हेतू बदलानंतर अधिक नीट साधला पाहिजे. दुसरी, तो बदल त्याच परिस्थितीतल्या प्रत्येकासाठी आणि आधीच जाहीरपणे सांगता आला पाहिजे. बिगरयांत्रिक होडीची सूट या दोन्ही अटींत बसते. इंजिनाची बोट रात्री गुपचूप बाहेर काढणाऱ्याची सबब एकीतही बसत नाही, मग तो परिस्थितीची कितीही कारणे देवो. सोय आणि विवेक यांतला फरक असा तपासता येतो.

तिसरा आक्षेप असा, की ग्रीसचा हेतू उघड आहे, रील फिरली की झाले; पण उपवासाचा किंवा प्रार्थनेचा हेतू कोण ठरवणार? तो ठरवणे अवघड आहे, हे मान्य. पण अवघड म्हणून तो विचारायचाच नाही, असे होत नाही. दिवेलागणीचेच घ्या. सूर्यास्ताला देवापुढे दिवा लावून घरातल्यांनी शुभंकरोती म्हणावे, हा रिवाज वसईला सहज पाळता येतो, कारण इथे सूर्यास्त वर्षभर सहा ते सव्वासातच्या आसपास असतो. टोरांटोत तो जूनअखेरीस रात्री नऊच्या सुमारास आणि डिसेंबरात पावणेपाचच्या आधी होतो. तिथे सूर्यास्त काटेकोर धरला, तर एका ऋतूत मुले झोपेला आलेली असतात आणि दुसऱ्यात आईवडील कामावर असतात. दिवा लागतो, पण घर एकत्र येत नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांतली संध्याकाळची जपमाळेची प्रार्थनाही तिथे याच अडचणीत सापडते. कॅथलिक चर्चने या बाबतीत शहाणपण दाखवले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतला १२५१ वा नियम शुक्रवारी मांस वर्ज्य करायला सांगतो, पण त्याऐवजी दुसरे अन्न ठरवण्याची मोकळीक देशोदेशींच्या धर्माध्यक्षांच्या परिषदांना देतो. त्यागाचा हेतू कायम राहतो आणि काय सोडायचे, हे त्या त्या ठिकाणी ठरवता येते.

म्हणून वसईतून बाहेर पडणाऱ्या पिढीच्या हाती नियम देताना, तो नियम कोणत्या हवेत मोजला गेला आणि कशासाठी होता, हेही सांगणे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य ठरते. कारण न सांगता दिलेला नियम परक्या हवेत दोनच गोष्टी करू शकतो: मुले तो यंत्रासारखा ओढत राहतात किंवा निरुपयोगी म्हणून टाकून देतात. कारण ठाऊक असलेली मुले त्याचे साधन बदलतील आणि हेतू जपतील. परंपरा पाळणे म्हणतात ते मला यातच दिसते, आणि ते जुने जसेच्या तसे उचलून नेण्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे.