संयमाचे स्थान

आत्मरक्षणार्थ घरात पिस्तूल बाळगण्याचा व्यक्तीचा हक्क ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात निःसंदिग्धपणे मान्य केला, त्या अमेरिकेत एखादा सामान्य गृहस्थ पॉलिमरच्या सांगाड्याचे अर्धस्वयंचलित पिस्तूल निवडावयास दुकानात जातो, तेव्हा त्याचे वजन, मुठीची घडण आणि मॅगझिनमध्ये मावणाऱ्या गोळ्यांची संख्या यांची तो कसोशीने चौकशी करतो. परंतु आपल्या संयमाचा किती भाग आपण स्वतःकडे राखतो आहोत आणि किती भाग यंत्राच्या हवाली करतो आहोत, या प्रश्नाचा निकालही, जाणता वा अजाणता, तो त्याच वेळी लावीत असतो, आणि माझ्या मते त्या निवडीतील खरा गंभीर भाग तोच होय.

पॉलिमरच्या सांगाड्याचे पिस्तूल जर्मनीत १९७० सालीच निघाले होते. पण त्या घडणीला प्रतिष्ठा लाभली ती ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ साली गास्टोन ग्लॉक यांचे ‘ग्लॉक १७’ स्वीकारल्यावर. त्यापूर्वी एकही बंदूक न घडविलेल्या या कारखानदाराने रिकाम्या पिस्तुलाचे वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास आणले, मॅगझिनमध्ये १७ गोळ्यांची सोय केली, आणि अंगठ्याने लावावयाचा व काढावयाचा सुरक्षा-खटका मुळीच ठेवला नाही. त्याऐवजी चापाच्या अंगातच एक लहानसे पाते बसविले, फायरिंग पिनला आत अडसर घातला, आणि पिस्तूल हातातून पडले तरी बार उडू नये अशी तजवीज केली; हे तिन्ही बंदोबस्त चाप ओढताच आपोआप दूर होतात व चाप सोडताच आपोआप पूर्ववत होतात. म्हणजे यदृच्छेने घडणाऱ्या अपघाताची जबाबदारी यंत्राने पत्करली, परंतु मनुष्याच्या उतावळेपणाची जबाबदारी संपूर्णपणे मनुष्याच्याच पदरी ठेवली.

या व्यवस्थेचा विचार करताना मला महाभारताच्या सौप्तिक पर्वातील प्रसंग आठवतो. अश्वत्थाम्याने गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्राची योजना केली, अर्जुनाने त्याला प्रत्यस्त्र सोडले, आणि नारद व व्यास मध्ये उभे राहिले तेव्हा अर्जुनाने आपले अस्त्र परत घेतले. अश्वत्थाम्याला मात्र उपसंहार साधला नाही व त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर कोसळले. सोडलेले अस्त्र आवरण्याचे सामर्थ्य ब्रह्मचर्याने शुद्ध झालेल्या पुरुषासच असते, असा तेथील अभिप्राय आहे. परंतु नळीतून सुटलेल्या गोळीला उपसंहारच नाही; अर्जुनाइतका जितेंद्रिय पुरुषही ती परत घेऊ शकणार नाही. तेव्हा अस्त्र सोडल्यानंतर जी तपश्चर्या अर्जुनाच्या कामी आली, ती आधुनिक मनुष्याला चाप ओढण्यापूर्वीच, नव्हे, शस्त्र घरात आणण्यापूर्वीच करून ठेवावी लागते.

जैन आचार्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार कल्पून त्यांपैकी संकल्पी हिंसा सर्वथा त्याज्य ठरविली व आक्रमकाच्या प्रतिकारात घडणारी विरोधी हिंसा गृहस्थापुरती क्षम्य मानली. हा विवेक मला अत्यंत मोलाचा वाटतो. मात्र जे शस्त्र दीर्घ विचाराने, किंमत मोजून, रोज हाताशी राहील असे निवडले जाते, त्याच्या बाबतीत संकल्प आणि प्रतिकार यांच्यामधली रेषा पुसट होऊ लागते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात सीतेने रामाला सांगितलेली कथा हीच आहे: इंद्राने एका तपस्व्याकडे ठेव म्हणून खड्ग दिले, तो ठेव जपण्याच्या निष्ठेने फळे-मुळे आणावयास जातानाही ते बरोबर नेऊ लागला, आणि हळूहळू त्याची बुद्धी क्रूर होऊन तो तपाला मुकला. त्या तपस्व्याला कोणाचा क्रोध आला नव्हता. केवळ सततच्या सहवासाने त्याचा घात केला. रामाचे उत्तरही तितकेच वजनदार आहे. आर्तांचा आक्रोश कोठे उठू नये म्हणून क्षत्रिय धनुष्य धारण करतात, आणि ऋषींना आपण अभय दिले आहे, असे तो म्हणतो. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, आणि एकाचे ऐकून दुसऱ्याला गप्प बसविणाऱ्या मनुष्याने शस्त्राच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याचा अर्ज करावा लागतो, व अर्जदाराच्या आचरणाची चौकशी सरकारी दप्तर करते. पण सीतेच्या कथेतून उभा राहणारा प्रश्न कोणत्याही अर्जाच्या रकान्यात मावणारा नाही.

मला स्वतःला निवड करावी लागली, तर अंगठ्याच्या खटक्याचे पिस्तूल मी पसंत करीन. अमेरिकी सैन्याने २०१७ साली सिग साउअर कंपनीचे जे पॉलिमरच्या सांगाड्याचे पिस्तूल पत्करले, त्यालाही असा खटका आहे. भयाच्या क्षणी अंगठा खटका विसरेल, हा आक्षेप खोटा नाही, आणि त्यावर नित्य अभ्यासाखेरीज दुसरा उपाय नाही. तरीही चाप ओढण्यापूर्वी हाताला जे एक स्वतंत्र कर्म करावे लागते, त्यातच संकल्पाला पुन्हा एकदा उभे राहावयास जागा मिळते, असे मला वाटते. आणि तपस्व्याची कथा ध्यानी धरून ते शस्त्र मी कंबरेला बांधून हिंडणार नाही, घरी कुलुपात ठेवीन. कुलूप उघडण्यात जे क्षण जातील, ते माझ्या प्राणावर बेतण्याची शक्यता मला मान्य आहे. आणि ज्या घरात कोणी जीवाला कंटाळलेला वा रागाच्या भरात भान हरपणारा असेल, तेथे ते पिस्तूल मी आणणारच नाही.