भिंतीतलं सिमेंट

२०२५ च्या जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आत, चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराची तीन कामं एकदम काढली: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मागच्या भिंतीचं प्लास्टर आणि न्हाणीघर. ठेकेदार ओळखीचा. त्याच्या वडिलांनीच आमच्या घराची पहिली फरशी बसवली होती. त्यामुळे बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. 'मटेरियल के साथ एक लाख साठ, भैया. टैक्स अलग.' मी हो म्हटलं. अठरा-वीस दिवस एक मिस्त्री, दोन कुली आणि दोन रेजा घरात वावरत होत्या. काम चांगलं झालं, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं वाचताना तक्रार कामाबद्दल आहे असं वाटायला नको.

बिल आलं तेव्हा एक ओळ खटकली. टाइल्स, पाइप, मजुरी यांच्यापुढे १८ टक्के जीएसटी होता. सिमेंट १४,००० रुपये, आणि त्याच्यापुढे मात्र २८ टक्के. सिमेंटवर त्या वेळी २८ टक्के कर होता, हे खरंच. मोटारगाड्या आणि पान मसाल्याच्या पंगतीला ते बसवलं होतं. रायपूरहून तास-दीड तासावर बलौदा बाजारच्या पट्ट्यात सिमेंटच्या कारखान्यांची रांग आहे. तिथली धूळ गावांना फुकट मिळते, पण गोणी चैनीच्या वस्तूच्या दरानं. पण मी सिमेंट विकत घेतलंच नव्हतं. मी भिंत दुरुस्त करून घेतली होती. घरासारख्या स्थावर मालमत्तेच्या ज्या ठेक्यात माल आणि मजुरी एकत्र येतात, तो जीएसटी कायद्यात 'वर्क्स काँट्रॅक्ट' होतो, आणि तो सगळाच्या सगळा सेवा मानला जातो. माझ्या कामाला दर एकच होता, १८ टक्के. त्याच्या बिलात कर ३०,२०० होता, माझ्या हिशेबानं २८,८००. फरक चौदाशे रुपयांचा.

'अहो, एवढ्याशासाठी त्याला परत बोलावणार?' बायको म्हणाली. महाराष्ट्र मंडळ आमच्या कॉलोनीतच आहे. संध्याकाळी तिथे विषय काढला तर दोघा-तिघांनी तेच विचारलं, फक्त जरा हसून. एवढ्याशासाठी करावं का, हाच मला पुढे पुरून उरलेला प्रश्न.

त्याआधी एक जुना वाद सांगतो, कारण तो माझ्या भिंतीतच आहे. न्यायदर्शनाच्या अभ्यासकांना कापड आणि धाग्यांचं उदाहरण तोंडपाठ असतं. धागे विणले की कापड तयार होतं. ते कापड धाग्यांहून वेगळी अशी नवी वस्तू आहे, की ते नुसते ओळीनं मांडलेले धागेच? नैयायिक म्हणतात, अवयवी हा अवयवांहून निराळा. बौद्ध म्हणतात, धाग्यांपलीकडे काही नाही, 'कापड' हे आपण दिलेलं नाव. प्लास्टर केलेल्या भिंतीत सिमेंट आहे की नाही, हा तोच प्रश्न, फक्त ओल्या हातांनी विचारलेला.

आपल्या न्यायालयांनी आणि संसदेनं याची तीन उत्तरं दिली आहेत. १९५८ साली मद्रास राज्य आणि गॅनन डंकर्ली कंपनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की इमारतीचा ठेका अखंड असतो. त्यात विटा-सिमेंटची वेगळी विक्री होत नाही, म्हणून राज्यांना त्यावर विक्रीकर लावता येणार नाही. नैयायिकांची सरशी. राज्यांच्या तिजोरीला ते कसं परवडावं? १९८२ मध्ये शेहेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली, आणि ठेक्यातून माल बाजूला काढून त्यावर कर लावण्याची मुभा राज्यांना मिळाली. भिंतीतून पुन्हा धागे उसवले. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि त्यानं पुन्हा सगळं एकत्र विणून त्याला सेवा म्हटलं. भिंतीत मात्र या काळात काही बदललं नाही. पाणी, रेती, सिमेंट आणि थापी.

आणि हा वाद आमच्या या मुलखाला नवा नाही. रायपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं, राजधानी नागपूर होती, तेव्हा त्या प्रांतानं १९३८ साली पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. हिंदुस्थान सरकारचं म्हणणं होतं, की हा विक्रीकर नव्हेच, हे उत्पादनशुल्क आहे, आणि ते आमच्या अखत्यारीतलं. नव्यानं स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे प्रकरण गेलं. सर मॉरिस ग्वायर, सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर या तिघांनी प्रांताच्या बाजूनं मत दिलं. पेट्रोल तेच, पाच टक्केही तेच. वाद नावाचा होता. पण कोणता हात तुमच्या खिशात जाऊ शकतो, हे त्या नावानंच ठरत होतं. राज्यघटनेचं २६५ वं कलम एका ओळीत सांगतं, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. त्यात किमान रकमेची अट घातलेली नाही.

ठेकेदार आला. मी बिल पुढे केलं. त्यानं शांतपणे ऐकलं. त्याची बाजूही सरळ होती: 'भैया, मैंने दुकान में अट्ठाईस ही दिया है.' बिल त्यानं बनवलंच नव्हतं. रिटर्न भरणाऱ्या वकील साहेबांकडचा एक मुलगा ते बनवतो, आणि त्या मुलानं सिमेंट दिसलं तिथे सिमेंटचा दर टाकला होता. मी म्हटलं, तुम्ही दुकानात भरलेला कर तुम्हाला तुमच्या देण्यातून वजा करता येतो, म्हणून तर पक्कं बिल घ्यायचं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग अगदी मनापासून म्हणाला, 'छोड़ो न भैया, कच्चा बिल बना देते हैं. टैक्स ही हटा दो पूरा.'

यावर मी अजून विचार करतो. कायद्यानं माझे असलेले चौदाशे सोडायला त्याला जड जात होतं, आणि सरकारचे अठ्ठावीस हजार आठशे मला सोडून द्यायला तो एका पायावर तयार होता. यात त्याचा लोभ नव्हता, उलट उदारपणा होता. सगळा कर माफ करणं हा आपल्याकडे ओळखीचा, आपलेपणाचा व्यवहार आहे. बरोबर कर मागणं मात्र कटकटीचं, जरा हलकंच समजलं जातं. कच्चं बिल घेणाऱ्याला कोणी चिक्कू म्हणत नाही. मंडळात मला जे हसले, त्यांतल्या एकानं स्वतःच्या नव्या फ्लॅटचं सगळं फर्निचर कच्च्या बिलावर केलं होतं, हे त्यानंच कौतुकानं सांगितलं होतं. ज्यानं कर द्यायचाच नाही, त्याला दर किती हे विचारायची गरजच पडत नाही. दरावरून वाद घालायला आधी कर द्यायचं ठरलेलं असावं लागतं.

मात्र त्या दिवशी मला माझ्या प्रामाणिकपणाचा थोडा जास्तच अभिमान वाटला, हेही नोंदवायला हवं. कारण हीच कामं मी वेगळ्या रीतीनं करून घेऊ शकलो असतो. सिमेंट मी स्वतः दुकानातून आणलं असतं तर त्यावर २८ टक्केच द्यावे लागले असते आणि ते योग्यच ठरले असते. मिस्त्रीला रोजीवर ठेवलं असतं तर त्याच्या मजुरीवर कर लागलाच नसता, कारण वर्षाला वीस लाखांखाली सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. कर एकूण कमीच पडला असता. भिंत तीच. मी निवांतपणा विकत घेतला होता, आणि आता त्या निवांतपणाचा दर अचूक हवा म्हणून अडून बसलो होतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. दराबद्दल शंका असेल तर जीएसटी कायद्यात आगाऊ निर्णय मागायची सोय आहे. पण तो मागू शकतो फक्त नोंदणी असलेला, किंवा नोंदणी करू इच्छिणारा. कर ज्याच्या खिशातून शेवटी जातो, त्या घरमालकाला ते दार नाही. मग त्याला भांडायला उरतो कोण? समोर बसलेला ठेकेदार, ज्याच्या वडिलांनी फरशी बसवली होती.

चार दिवसांनी तो नवीन बिल घेऊन आला. सगळीकडे १८. मी २८,८०० करासकट पैसे दिले. पाणी पिता पिता त्यानं सांगितलं, की सिमेंट त्यानं गल्लीतल्या दुकानातून लागेल तसं, पाच-सात गोणी करून, साध्या चिठ्ठीवर उचललं होतं. त्याच्या जीएसटी नंबरचं बिल एकाही खेपेचं नाही. म्हणजे दुकानात गेलेले ३,९२० त्याला कुठेच वजा करता येणार नव्हते. त्याच्या मनात कर हे सरकारचे पैसे नव्हतेच. दुकानात गेलेले पैसे माझ्याकडून परत आले की बरोबरी, एवढाच त्याचा हिशेब होता. कायदा उलट सांगतो: कर म्हणून जे घेतलं ते सरकारात जमा करायचंच, मग दर चुकीचा का असेना. तसं पाहिलं तर त्याचं नुकसान चिठ्ठीनं केलं होतं, मी नाही. पण समोरचा माणूस चौदाशे रुपयांनी खट्टू होऊन बसलेला असताना हे वाक्य तोंडातून निघत नाही.

मी आत गेलो, चौदाशे रुपये आणले आणि म्हटलं, हे कराचे नाहीत, काम चांगलं केलंत म्हणून. त्यानं हात मागे घेतला. 'टैक्स का था तो टैक्स में लेता, भैया. ऐसे काहे लूं?' बायकोनं स्वयंपाकघरातून ते ऐकलं. चहा मात्र तो पिऊन गेला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा करही १८ टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात त्याचा फोन आला. 'भैया, अब तो झगड़ा ही खतम.' मी हसलो. मग त्यानं विचारलं, वरच्या खोलीचं काम दिवाळीनंतर काढायचं ना, आणि या वेळी सामान तुम्ही आणणार की मी?