पट्टी केव्हा सोडायची?

आधी नीट बसा. पाठ टेकवली तरी चालेल. हात मोकळे सोडा आणि देवाकडे लगेच काही मागू नका.

मोहगावच्या बाजूला, सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्रापट्ट्यात, कलम बांधताना पाहिले असेल तर ते डोळ्यांसमोर आणा. जंबेरी लिंबाच्या खुंटावर चीर देतात, साल हलकेच उचकटतात आणि संत्र्याचा डोळा आत सरकवतात. वरून प्लास्टिकची पट्टी आवळून बांधतात. पट्टी सैल राहिली की डोळा वाळतो. डोळ्याने जीव धरला, की मात्र तीच पट्टी सोडावी लागते. राहून गेली तर वाढत्या खोडात रुतते.

रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानेही जैतुनाच्या कलमाबद्दल लिहिले आहे. आपण ख्रिस्ताशी जोडले गेलो, तो जोड एक. त्या जोडाभोवती बांधलेले नियम, पद्धती, सवयी ही पट्टी. तुमच्या आयुष्यात यांतले काय जोड आहे आणि काय पट्टी? घाई नको. एकेक गोष्ट हातात घेऊन पाहा.

आता पंडिता रमाबाईंना आठवा. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही त्या शाकाहारीच राहिल्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. क्रुसावर लॅटिनऐवजी आपल्या देशाची भाषा असावी, हा रमाबाईंचा आग्रहही त्यांना रुचला नाही. पुरोहितांचे एक जोखड नुकतेच उतरवलेल्या रमाबाई दुसरे मानेवर घ्यायला तयार नव्हत्या. हीच बाई पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारते, टाकलेल्या बायकामुलींना पोटाशी धरते आणि 1922 मध्ये मरेपर्यंत साध्या मराठीतल्या बायबलच्या भाषांतरात गढलेली असते. तिच्या ताटावरून तिची श्रद्धा जोखणाऱ्यांनी काय पाहिले असेल? त्याच रोमच्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, पौल भाजीपाला खाणाऱ्याला आणि सर्व काही खाणाऱ्याला एकमेकांना तुच्छ मानू नका, दोषी ठरवू नका असे बजावतो. तो अध्याय आज सावकाश वाचा.

मला मनापासून वाटते, आपल्या मंडळ्यांत जोडापेक्षा पट्टीचीच राखण फार होते. कोणी मृदंगावर भजन म्हटले, दारात रांगोळी घातली, की भुवया उंचावतात. तुमची भुवई शेवटची कशाने उंचावली होती? ख्रिस्ताची आठवण झाली म्हणून, की लोक काय म्हणतील म्हणून?

पण सैल सोडणे म्हणजे मोकळेपणा, असेही समजू नका. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका परदेशी सहप्रवाशाने नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या आणि दोघांची काही वर्षे वेगवेगळी गेली. एवढी किंमत मोजूनही टिळक ख्रिस्तापासून हलले नाहीत. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये, त्यांच्या स्वतःच्या मनाने, त्यांच्या चालीने. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्यांनी ख्रिस्ताला अभंगांत, कीर्तनांत आणले आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. जोड पक्का होता, म्हणून एवढे दार उघडता आले. तुमच्या घरात ज्याची पावले तुमच्याहून सावकाश पडतात, त्याचा चेहरा क्षणभर समोर आणा.

आता पुन्हा मोहगावात येऊन थांबा. महाशिवरात्र आहे, अर्धनारीश्वराच्या मंदिराकडे माणसे चालली आहेत. शेजारी प्रसाद घेऊन तुमच्या दारात उभा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल सांगतो, बाजारात जे मिळते ते चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. नियम एकच, पण तो लावताना समोरचा माणूस पाहावा लागतो. तुम्ही हात पुढे कराल, की जोडून नमस्कार कराल? दोन्हींत प्रेम असू शकते, दोन्हींत भीतीही असू शकते. उत्तर आजच ठरवू नका. आधी त्या शेजाऱ्याचे नाव घेऊन त्याच्या घरासाठी प्रार्थना करा: त्याच्या आजारी आईसाठी, त्याच्या बागेतल्या बहारासाठी.